बोळाकडचं दार

टेम्पो अंगणात लागला, मागची फळी पडली आणि माझ्या सासूबाई कुणाचा हात न धरता खाली उतरल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नव्या खोलीकडे बघितलं. या खोलीपायी मी दोन महिने सुटीचा एक दिवस स्वस्थ बसलो नव्हतो. त्यांनी खोली तीन बाजूंनी फिरून पाहिली. चौथी बाजू मागच्या बोळाला लागून होती, तिकडे जायला वाट नव्हती. मी, माझी बायको शालन, आमची मुक्ता आणि इलाही मिस्त्री, असे आम्ही चौघं वरमाईच्या तोंडाकडे बघावं तसे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

"दार कुठाय?" त्यांनी विचारलं.

दार नाकासमोर होतं. हिरव्या रंगाचं, नवं कोरं, वर शालननं बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण.

"हे काय, मामी," मी म्हणालो. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

"ह्ये तुमच्या अंगणात उघडतंय."

"मग कुठं उघडायला पाहिजे?"

त्यांनी खोलीच्या पाठीमागे बोट केलं. "तिकडं. बोळात."

एवढं बोलून त्यांनी आपली ट्रंक लिंबाच्या सावलीत ठेवून घेतली आणि तिच्यावर बसल्या. चहा घेतला, पोहे खाल्ले, मुक्ताची वेणी सोडून पुन्हा घातली. राग नाही, रुसवा नाही. पण खोलीत काही पाय टाकला नाही.

त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा मी फलटणच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे ठरवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे घरातसुद्धा मी सांगीन तिथं वस्तू लागते असा माझा समज होता. शालन तो समज मोडत नसे, नुसती हसायची.

मामींचं गाव माण तालुक्यात. मामा वारले आणि पाठोपाठ रस्त्याच्या रुंदीकरणात घर गेलं. तेव्हापासून त्या दिराच्या घरी एका पडवीत राहत होत्या. दीर माणूस वाईट नव्हता, पण पडवी ती पडवी. शालन एकुलती एक. ताटावर बसली की तिला आई जेवली असेल का हे आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा. दरवेळी ती आईला म्हणे, चल आमच्याकडे. दरवेळी मामी म्हणत, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, पाचव्या दिवशी मला लाज वाटंल.

शेवटी मीच तोड काढली. आमच्या परसात वडिलांच्या गोटी सोड्याच्या धंद्याचं शेड होतं. वडील गेल्यापासून त्यात फुटक्या बाटल्या, गंजलेलं मशीन आणि मांजरीची बाळंतपणं एवढंच चालायचं. मी म्हणालो, ते साफ करू, विटांच्या भिंती घेऊ, मोरी-संडास काढू आणि मामींना त्यांची स्वतःची खोली देऊ. लेकीच्या घरात नाही, लेकीच्या घराशेजारी. शालन त्या दिवशी स्वयंपाक करता करता गात होती, आणि तिचा आवाज गाण्याचा नाही हे सगळ्या आळीला माहीत होतं.

मामींचा निरोप आला तो एवढाच, की चूल मांडायला जागा ठेवा आणि काम वैशाखाच्या अवसेच्या आत उरका. चुलीचं ऐकून शालनला जरा लागलं. "माझ्या हातचं खाणार नाही की काय?" असं म्हणाली. अवसेचं आम्हाला काही वाटलं नाही. पावसाच्या आधी छप्पर हवं, म्हातारं माणूस पुढचं बघतं, असं मी समजलो.

काम मी जातीनं करून घेतलं. इलाही मिस्त्री आमच्या आळीतलाच, हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून चांगला. खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचे पत्रे, उन्हाचा ताव लागू नये म्हणून पत्र्याखाली फळ्यांचं छत. एका कोपऱ्यात ओटा. आणि दार अंगणाकडे, आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर. मामींनी उंबऱ्यात बसून हाक मारली तर शालनला चुलीपाशी ऐकू यावी, हा माझा हिशेब. या दाराचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, आणि नेमकं तेच नापास झालं.

त्या दिवशी दुपारी मी मामींना समजावून पाहिलं. बोळ म्हणजे काय? एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला लोकांची मागची दारं. तिथं ना ऊन धड ना सावली. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाव्हणं, तुमचं समदं खरं हाय. पर दार तिकडनंच पायजे."

मामी मला लग्न झाल्यापासून पाव्हणं म्हणायच्या. माझ्याच घरात, माझ्याच बाजेवर मी बनियनवर बसलेला असलो तरी मी पाव्हणाच.

"आणि नाही पाडलं तर?"

"तर मला दहिवडीच्या गाडीत बसवून द्या. तुमच्याच हातात हाय गाडी."

हे त्या हसत म्हणाल्या, पण शालनचं तोंड उतरलं. ती उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तर डाळीच्या डब्यात उगीच हात घालून उभी. म्हणाली, "अहो, तिला आपल्याकडं पाठ करून राहायचंय. माझं तोंड दिसायला नको तिला." मी म्हणालो, तसं काही नसेल. पण मग कसं असेल हे मलाही सांगता येईना.

दुसऱ्या बाजूनं लोक होते. बोळात समोरच्या मागच्या दारात तानूबाई बसायच्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी मला अडवून म्हणाल्या, "काय ओ कंट्रोलर, सासूला मागच्या बोळात टाकताय म्हणं?" मी म्हणालो, टाकत नाही, त्याच मागतायत. तानूबाईंनी मान डोलावली, आणि ती मान विश्वास ठेवणाऱ्याची नव्हती. उद्या सगळं गाव म्हणणार होतं की जावयानं सासू आणली आणि गटाराकडेला ठेवली. करायला गेलो गणपती अन् झालं माकड, अशी माझी गत.

इलाही मिस्त्रीला सांगितलं तर त्यानं थापी खाली ठेवली.

"सायेब, दार म्हंजे काय फलाट न्हाई, पाटी बदलली की झालं. भिंत फोडावी लागंल."

"फोड की."

"आन् वरचा भार? शिमिटाचं लिंटेल टाकलं तर पिकायला आठ-पंधरा दिवस जात्यात. म्हातारी तर अवस म्हणती."

अवस चार दिवसांवर आली होती. मामी तिथंच वाळू चाळत बसल्या होत्या. रिकामं बसणं त्यांना जमतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, अवस झाल्यावर मला त्या खोलीचा उपेग न्हाई. मग ऱ्हाऊ द्या तसंच."

हे ऐकून माझं डोकं तापलं. म्हणजे अंगणाकडचं दार चालत नाही, बोळाकडचं उशिरा चालत नाही. मी स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, "मामी, एकदा खरं काय ते सांगा. आमच्यावर राग आहे का?"

"राग कशाला यील?"

"मग हा हट्ट कशासाठी?"

मामींनी चाळणी आपटून खडे बाजूला टाकले. "हट्टच समजा. जन्मात क्येला न्हाई, एक करू द्या."

मी शालनकडे पाहिलं. रात्रभर कूस बदलून बदलून तिचे डोळे सुजले होते. ती पुढं आली आणि इलाहीला म्हणाली, "मिस्त्री, पाडा तिकडून दार. आई राहतीय ना? मग पाठ करून का राहीना."

मला त्या वेळी माझ्या बायकोचं फार कौतुक वाटलं. आपल्याला हवं तसं नाही, तर तिला हवं तसं माणूस आपल्याजवळ ठेवायचं, हे मला इतक्या चटकन सुचलं नसतं. इलाहीनं कान खाजवला आणि म्हणाला, लोखंडी चॅनल टाकू, त्याला पिकायची गरज नाही.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. भिंतीला घण बसला तेव्हा माझ्याच छातीत बसल्यासारखं झालं. मी डेपोतून सुटलो की सरळ विटांत. तानूबाई आपल्या दारात खुर्ची टाकून देखरेख करायला बसल्या आणि दुसऱ्या दिवशी तर त्यांनीच सगळ्यांना चहा पाठवला. दार नवीन करायला सवड नव्हती, म्हणून सोड्याच्या शेडचं जुनं दार घासूनपुसून बसवलं. अंगणाकडचं हिरवं दार काढून तिथं भिंत घालू का, असं मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"काडू नका," मामी म्हणाल्या. "ते शालीला ऱ्हाऊ द्या."

एका खोलीला दोन दारं. इलाही म्हणाला, सायेब, ही खोली न्हाई, ही एस.टी. झाली. एकीकडनं चढा, दुसरीकडनं उतरा.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी मामी बोळातून कळशी घेऊन आल्या, उंबऱ्याला हळदीची बोटं लावली, आत गेल्या आणि स्टोव्हवर दूध उतू घातलं. सगळं झाल्यावरच आम्हाला आत घेतलं. दूध उतू गेलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की तोंडावर पदर धरावा लागला. मामा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. शालनही हसली, पण जेवायला हाक मारली तेव्हा मामी म्हणाल्या की आज माझी चूल पेटलीय, मी इथंच खाते. शालनचा हसरा चेहरा जागच्या जागी विझला.

ती रात्री मला म्हणाली की तुम्ही विचारा, आई कायमची राहणार आहे ना. मी सकाळी विचारलं. मामी म्हणाल्या, "बघू." त्या "बघू"वर शालननं पुढचे दिवस काढले. आई जवळ होती, अंगण ओलांडलं की भेटत होती, हिरव्या दारातून येऊन भाजी निवडून देत होती. पण ट्रंक अजून उघडली नव्हती. कपडे लागतील तसे वरच्यावर काढायच्या आणि पुन्हा कडी लावायच्या. शालनचं सगळं लक्ष त्या कडीवर.

अवस सरली. त्या वर्षी अधिक महिना होता, अधिक जेठ. डेपोत तर चेष्टेला ऊत आला होता. कुणाला सासऱ्यानं कपडे केले, कुणाला अंगठी. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा पोळाच, सजवून मिरवायचे. सासुरवाडीला बोलावणं, पुरणाचे धोंडे, वर तूप. मी त्या बोलण्यात नसायचो. आमच्या घरात धोंडा कधी निघालाच नव्हता, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

एका सकाळी मी दाढी करत होतो. पुढच्या दाराची कडी वाजली. पुढचं दार आमच्याकडे दिवसभर उघडं असतं, कडी कुणी वाजवत नाही. शालन बाहेर गेली आणि तिथूनच म्हणाली, "अगं, तू? कडी काय वाजवतीस? आणि ही इरकल कशाला नेसलीस?"

मी अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून गेलो. पायरीवर मामी उभ्या. नऊवारी इरकल, ठेवणीतली, घडीच्या रेषा अजून दिसत होत्या. हातात वाटी, वाटीत अक्षता आणि सुपारी. बोळातून निघून, आळीला वळसा घालून, पुढच्या रस्त्यानं त्या आमच्या घरी आल्या होत्या. त्यांनी सुपारी माझ्या हातात दिली, अक्षता आमच्या दोघांच्या डोक्यावर टाकल्या.

"पाव्हणं, गुरवारी दोघं बी जेवायला यायचं. धोंड्याचं बोलावणं हाय."

शालन भिंतीला टेकली.

"लगीन होऊन अकरा वर्सं झाली तुमचं," मामी म्हणाल्या. "पयला धोंडा आला तवा ह्यास्नी अंथरूण धरलं हुतं. दुसरा आला तवा सुतक. तिसऱ्याला घरच ऱ्हायलं न्हाई. दिराच्या पडवीत जावयाला कसं बोलवायचं? आन् लेकीच्या घरात ऱ्हाऊन तरी कसं बोलवू? तुमच्याच चुलीवर शिजवायचं, तुमच्याच ताटात वाढायचं, आन् म्हणायचं, सासूनं धोंडा घातला?"

"आणि दार?" मी विचारलं. साबण माझ्या गळ्यावरून ओघळत होता.

"दार तुमच्या अंगणात आसतं तर तुमी आला कुठनं आसतं? घरातनं घरात? त्याला पाव्हणा म्हणत न्हाईत." मग म्हणाल्या, "आधिकात नव्या घरात पाय टाकत न्हाईत, म्हून अवसेची घाई क्येली."

"मग आधी सांगायचं तरी, मामी."

"सांगितलं आसतं तर तुमी म्हणला आसता, कशाला उगं, मला कायबी नगं." त्यांनी वाटी पदराखाली घेतली. "त्ये मला ऐकायचं नव्हतं."

आणि खरंच, मी नेमकं तेच म्हणालो असतो.

मामी आल्या तशा रस्त्यानं परत गेल्या. शालननं तोंडावर हात धरला होता आणि तिच्या बोटांमधून हसू आणि रडू दोन्ही बाहेर पडत होतं. "पाठ करून नाही हो," ती म्हणाली, "तिनं मला माहेर बांधलंय." एकीकडे दाढी झालेली, दुसरीकडे साबण, अशा थाटात मी तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिलो.

गुरुवारी मी रजा काढली. साहेबांनी कारण विचारलं, मी छाती काढून सांगितलं, सासुरवाडीला जायचंय, धोंडा आहे. ऐन उन्हाळ्यात लग्नातला कोट घातला. शालन मोरपंखी साडी नेसली, तिनं गजरा माळला. आम्ही पुढच्या दाराला कुलूप लावलं. मुक्ता आमच्यात नव्हती. तिनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की मी आजीकडची आहे, मी पाव्हणी नाही.

आळीत ज्यानं त्यानं विचारलं, कुठं निघालात एवढे नटून? मी म्हणालो, सासुरवाडीला. कितीची गाडी? चालतच. लोक हसले, आम्हीही हसलो. आळीचं टोक गाठून बोळात वळलो. बोळ झाडलेला होता, सडा घातलेला होता, आणि तानूबाईंच्या दारापासून मामींच्या दारापर्यंत रांगोळी होती. गटारावर कुणीतरी फळी टाकून तिच्यावरसुद्धा रांगोळी काढली होती.

मामी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. मी अवघडलो, त्यांनी लक्ष दिलं नाही. आत पाट मांडलेले, भोवती महिरप. ट्रंक उघडी होती. तिच्यातली भांडी बाहेर, मामांच्या वेळची पितळेची ताटं घासून लखलखीत, आणि लुगडी भिंतीतल्या फळीवर घडी घालून ठेवलेली. शालननं ते पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया. मामी आग्रह करत होत्या आणि मी नको म्हणत नव्हतो. त्या दिवशी मी जन्मात जेवलो नाही तेवढा जेवलो. मग दोघांना ओवाळलं, मला टोपी आणि उपरणं दिलं, तेहतीस अनारशांचं ताट वर दिवा लावून माझ्या हातात ठेवलं. शालनची खणा-नारळानं ओटी भरली.

"पुन्हा या," मामी दारातून म्हणाल्या.

आम्ही बोळातून निघालो. शालन दर चार पावलांना वळून बघत होती. प्रत्येक वेळी मामी दारात उभ्या, पदर डोळ्याला. शालननं तर मुसमुसून घेतलं, अगदी दूरच्या गावी नांदायला निघाल्यासारखं. मी तिला म्हणालो, अगं, आपण अर्ध्या तासात भेटू तिला. ती म्हणाली, गप्प बसा, मला नीट रडू द्या. अकरा वर्षांचं साठलेलं तिनं बोळाच्या टोकापर्यंत मनसोक्त रडून घेतलं, आणि आळीत वळलो तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं.

वळसा घालून घरी आलो, कुलूप काढलं. स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास येत होता. मामी हिरव्या दारातून अंगण ओलांडून आमच्याआधी येऊन पोचल्या होत्या. इरकल बदलून रोजचं लुगडं नेसल्या होत्या आणि आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून चहा गाळत होत्या.

"आलासा?" त्यांनी विचारलं. "काय म्हणती तुमची सासू?"

मी कोट काढून खुंटीला अडकवला. शालनकडे पाहिलं, ती श्वास धरून उभी होती.

"बरी आहे," मी म्हणालो. "आता इथंच कायमचं राहावं म्हणते."

मामींनी पहिला कप माझ्या पुढे ठेवला.

"मग ऱ्हाऊ द्या की म्हातारीला."